दिवस मावळायच्या आत

कांद्याची काढणी सुरू झाली की आमच्या नेवासे तालुक्यात मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची रीत आहे. आठवडाभर बाया रानात राबतात, मालक किंवा मुकादम वहीत हजेरी मांडतो आणि आठवडे बाजाराच्या सकाळी हिशेब होतो. मालकाला ते सोयीचं पडतं, रोज रोख पैसा घरात ठेवावा लागत नाही. दुसरंही एक कारण आहे, ते कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही. चार दिवसांची मजुरी मालकाकडे अडकलेली असली की पाचव्या दिवशी ती बाई दुसऱ्याच्या रानात जात नाही.

आमच्या घरात ही रीत नाही. दिवस मावळायच्या आत, बाया रानातून निघण्याआधी, ज्याची त्याची मजुरी हातात द्यायची, हा नियम माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, घालून दिला. त्यांच्या माघारी मी तो चालवते आहे. आप्पा शाळामास्तर होते. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या बाजूला आल्यावर त्यांनी थोडी थोडी करून जमीन घेतली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला शेतीतलं काही कळत नव्हतं, माझं माहेर नगर शहरातलं. वाफा, सरी, पात, चाळ हे सगळं मी इथं शिकले. बायबल मात्र माहेराहून शिकून आले होते. शब्बाथशाळेत वचनं तोंडपाठ म्हणून दाखवून बक्षिसं मिळवली होती. पण त्या वचनांत मजुरीबद्दल एकही नव्हतं. मेंढपाळाचं स्तोत्र पाठ होतं, डोंगरावरचं प्रवचन पाठ होतं, करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय पाठ होता. लेवीयाचं पुस्तक आम्हाला कुणी उघडायला लावलं नव्हतं.

ते आप्पांनी लावलं. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत ते बायबल क्रमानं वाचायचे, रूक्ष म्हणून एकही अध्याय गाळायचे नाहीत. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायाशी आले की मात्र थांबायचे. त्या एका अध्यायात काय काय आहे! शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराचे पैसे रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. येशूनं पुढे ज्या दोन आज्ञा सर्वांत मोठ्या म्हणून सांगितल्या, त्यांतली शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही याच अध्यायातली. ती मजुरीच्या आणि मापाच्या मधोमध येते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरीच्या आज्ञेचं कारणही दिलं आहे. मजूर गरीब आहे, त्याचा सगळा जीव त्या पैशात अडकलेला असतो, म्हणून ते त्याला सूर्य मावळायच्या आत द्या. नाहीतर तो तुमच्याविरुद्ध देवाला हाक मारील आणि पाप तुमच्या माथी येईल.

आप्पांना हे कारण पुस्तकातून समजून घ्यायची गरज नव्हती. त्यांचे पूर्वज महारवाड्यातले. १८३१ साली नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, पुढे नेवासे तालुक्यात वडाळ्याला मिशनचं ठाणं झालं, आणि गावकुसाबाहेरच्या अनेक घराण्यांप्रमाणे आप्पांच्या घराण्यानंही बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तरी पोट दुसऱ्याच्या रानावरच राहिलं. आप्पांची आई खुरपायला जायची. बाजाराच्या दिवशी मालकाच्या ओट्यासमोर उभी राहायची आणि पुष्कळदा पुढच्या बाजारी ये, असं ऐकून परतायची. मग मीठ-मिरची, गूळ, रॉकेल उधार आणायचं. उधारीचा भाव दुकानदार वेगळा लावायचा. उशिरा मिळालेली मजुरी अशी वाटेतच आटायची. आप्पा हे सांगताना कधी रागवायचे नाहीत, फक्त नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय काढून दाखवायचे. देण्यासारखं जवळ असताना शेजाऱ्याला ‘जा, उद्या ये, मग देतो’ म्हणू नको, असं तिथं सांगितलं आहे. ते म्हणायचे, “माझ्या आईनं जे ऐकलं ते आपल्या ओट्यावर कुणी ऐकायचं नाही.”

आप्पा होते तोवर त्यांच्या पगारातून, नंतर पेन्शनीतून मजुरी भागायची. ते गेल्यावर माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. काढणी आधी होते, कांदा विकला जातो नंतर; मग रोजची मजुरी आणायची कुठून? यावर उपाय एकच सापडला. या वर्षीचा कांदा विकला की दशांश बाजूला काढण्याबरोबर पुढच्या काढणीची मजुरीही बाजूला काढायची. पत्र्याच्या एका डब्यात ती असते. मुलाची फी भरायची असो की पाहुण्यांकडचं लग्न असो, त्या डब्याला हात लावायचा नाही. तो पैसा माझा नाहीच. ज्यांनी अजून काम केलेलं नाही, त्यांचा तो माझ्याकडे ठेवायला आहे. दशांशाबद्दल आमच्या मंडळीत पुष्कळ प्रवचनं होतात, ती व्हायलाच हवीत. पण दशांश वेळेवर आणि मजुरी उशिरा, हा क्रम देवाला चालत असेल असं मला लेवीयाचं पुस्तक वाचून वाटत नाही.

शेजारचे शेतकरी मला समजावतात, “वहिनी, रोजच्या रोज पैसे हातात ठेवले तर उद्या एक बाई यायची नाही तुमच्याकडे.” काही वेळा तसं होतं. ऐन घाईत दोघी-तिघी दुसरीकडे जातात, काढलेला कांदा रानात पडून राहतो, आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. पण तिचे पैसे अडकवून तिला माझ्या रानात धरून ठेवणं म्हणजे तिला बांधून घालणंच. साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडून येणारी ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडं आम्ही दर वर्षी पाहतो. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत माणूस आपल्या मर्जीनं कोयता खाली ठेवू शकत नाही. मिसरातून सोडवून आणलेल्या लोकांचा देव आम्ही मानतो. मग आमच्या रानात लहानसा मिसर कसा चालेल?

अलीकडे फोनपेची नवी अडचण आली आहे. मुलगा म्हणतो, “आई, कशाला रोख पैसे मोजत बसतेस, फोनवर टाकून दे.” पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायांकडे साधा फोन असतो, मोठा फोन नवऱ्याकडे किंवा पोराकडे. पैसे तिकडे टाकले की कामाचे तास तिचे आणि खात्यावर आलेली रक्कम त्याची. एका मावशींनी मला स्पष्टच सांगितलं, “वहिनी, त्याच्या फोनात गेलेलं मला दिसत नाही हो.” म्हणून मी अजूनही नोटा मोजून हातातच देते. सुट्ट्या पैशांसाठी किराणा दुकानदाराशी ठरवून ठेवलं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात फोन नाही, पण मजुराचा जीव त्या पैशात अडकलेला असतो हे आहे. आणि जीव कुणाचा अडकला आहे हे बघूनच पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते ठरतं.

रूथचं पुस्तक मी शेतात आल्यावर नव्यानं वाचलं. आधी मला ती सासू-सुनेच्या प्रेमाची गोष्ट वाटायची. आता त्यातलं शेत दिसतं. शेताचा मालक बवाज शेतावर येतो तो आधी कापणी करणाऱ्यांना देवाच्या नावानं सलाम करतो आणि तेही त्याला आशीर्वाद देतात. रूथ मवाबी, परक्या देशातली, वर विधवा. सरवा वेचायला आलेल्या या बाईला कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद तो आपल्या गड्यांना देतो. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यांतलं पाणी पी, असं तिला सांगतो. जेवायच्या वेळी जवळ बसवून हुरडा देतो. आणि गड्यांना म्हणतो, पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा.

भांड्यातल्या त्या पाण्याशी मी दर वेळी अडखळते. आप्पांच्या आईला रानात पाणी वरून ओंजळीत घालायचे. तिची तहान भागायची, भांड्याला तिचा हात लागायचा नाही. म्हणून आमच्या रानात लिंबाखाली एकच माठ असतो आणि एकच तांब्या. कामाला येणाऱ्या बाया सगळ्या जातींच्या असतात, मालकीणही त्याच तांब्यानं पिते. सुरुवातीला एक-दोघी घरून बाटली आणायच्या. मी काही बोलले नाही, माठही दुसरा ठेवला नाही. ऊन वाढलं की बाटलीतलं पाणी गरम होतं आणि माठातलं गारच राहतं. आता सगळ्या त्याच माठाचं पितात. बायांना रानात आडोसा लागतो, हेही मला रूथ वाचतानाच सुचलं. शेतात राबणाऱ्या बाईच्या अब्रूची काळजी बवाज करतो, तर चार बांबू आणि जुन्या साड्या लावून न्हाणीघरासारखा आडोसा करायला मला काय लागतं?

सरव्याचं फार सांगण्यासारखं नाही. भुईमूग निघाला, कांदा निघाला की रान दोन-तीन दिवस तसंच मोकळं ठेवायचं, वस्तीवरच्या म्हाताऱ्या बाया आणि पोरं येऊन वेचून नेतात. गावात ही रीत पूर्वी सगळ्यांचीच होती, ख्रिस्ती असो नसो. हल्ली काढणी झाली की लगेच रोटर फिरतो, म्हणून ती जपावी लागते.

बाजारातला व्यवहार मात्र अवघड. आमचा कांदा घोडेगावच्या बाजारात जातो. गोणी भरताना तोंडाशी निवडक, एकसारखा माल आणि पोटात जोड, चिंगळी, कोंब आलेला माल घालायची युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. मापात पाप नको, असं आपले लोक म्हणतातच. खोट्या तराजूचा देवाला वीट येतो, हे नीतिसूत्रांत तर इतक्या वेळा आलं आहे की ही गोष्ट लिहिणाऱ्याला किती महत्त्वाची वाटत होती ते कळतं. खरेदी करणाराही त्यातून सुटलेला नाही. विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. घेताना माल वाईट आहे, वाईट आहे म्हणतो आणि निघून गेल्यावर आपल्या सौद्याची बढाई मारतो. लिलावात उभं राहिलं की हे वाक्य तिथल्याच कुणीतरी लिहिलं असावं असं वाटतं. आम्ही गोल्टी, म्हणजे लहान कांदा, वेगळी भरतो, जोड वेगळा भरतो, गोणी कुठूनही फोडली तरी वरचा आणि खालचा माल एकच निघतो. त्यामुळे आम्हाला भाव जास्त मिळतो असं नाही. व्यापारी ज्या दिवशी जो भाव काढतो तोच मिळतो. विश्वासानं वागलं की बरकत येते, देवाला इतकं दिलं की तो तितकं देतो, असं सांगत फिरणारे प्रचारक मला पटत नाहीत. बायबलात खरं माप ठेवायला सांगितलं आहे. त्याच्या बदल्यात कांद्याचा भाव वाढेल असं कुठे लिहिलेलं नाही.

२०२३ सालानं हे चांगलंच शिकवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके कोसळले की गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात काही उरेना. सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, पण काढणी काही त्याची वाट बघत थांबत नाही. चाळीत कांदा ठेवून भाव सावरेल या आशेवर बसलेल्यांना ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्काची बातमी आली, आणि डिसेंबरात तर निर्यातबंदीच. त्या वर्षी पुढच्या हंगामाचा डबा भरला नाही. भाव पडला म्हणून मजुरी कमी किंवा उशिरा, असं बहुतेकांनी केलं आणि त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे. आम्ही शेळ्या विकल्या. पोरांसारख्या वाढवलेल्या शेळ्या होत्या, माझे यजमान त्या दिवशी जेवले नाहीत. पण पुढची काढणी सुरू झाली तेव्हा संध्याकाळची मजुरी संध्याकाळीच दिली गेली.

त्या दिवसांत हबक्कूकाच्या पुस्तकाचा शेवट मी रोज वाचायचे. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. रिकाम्या गोठ्यापुढे उभं राहून ही प्रार्थना म्हणणं सोपं नाही. पण ती कुणा शेतकऱ्याच्या बुडालेल्या सालाची प्रार्थना आहे एवढं कळलं की आपण एकटे नाही असं वाटतं. मला तरी त्यातूनच बळ मिळालं.

आता बांधाची गोष्ट. गावात राहणाऱ्या कुणालाही बांध म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आमच्या शेजारचं रान यजमानांच्या चुलतभावाचं. दर नांगरटीला त्याचा फाळ वीतभर आमच्याकडे यायचा. पूर्वजांनी घातलेली जुनी मेर सरकवू नको, हे अनुवादात आहे, नीतिसूत्रांत दोनदा आहे. म्हणजे हे भांडण तीन हजार वर्षांपूर्वीही असंच पेटत असणार. बोलाचाली झाली, मग बोलणंच बंद झालं. देवळात ते डाव्या बाजूला बसायचे, आम्ही उजव्या. यजमान कोर्टात जायच्या तयारीत होते. वकिलाला भेटूनही आले होते.

तेव्हा आप्पा थकलेले होते, पण हयात होते. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी भाकर हातात घेण्याआधी आप्पा काठी टेकत उठले आणि डाव्या बाजूला गेले. पुतण्याच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर घरी म्हणाले, “वेदीपाशी अर्पण ठेवताना भावाचं काही आपल्याविरुद्ध असल्याचं आठवलं तर आधी जाऊन समेट कर, असं येशूनं मत्तयात सांगितलंय. भावानं आपला अपराध केलाय का, हे त्यानं विचारलेलं नाही.” हे वाक्य माझ्या यजमानांना फार लागलं. चूक चुलतभावाची असताना उठून जायचं आपण, हे त्यांना पटायला वेळ लागला.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. दोन्ही घरांनी मिळून भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, फी निम्मी निम्मी भरली, मोजणीदार आला, खुणा झाल्या, दगड रोवले. मोजणीत निघालेलं अंतर दोन्ही बाजूंनी कागदावर मान्य केलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. दोन्ही घरांत अजूनही पूर्वीसारखं येणंजाणं नाही. लग्नकार्यात भेटतो, विचारपूस करतो, तेवढंच. पण नांगर दगडाशी थांबतो. आणि आप्पा वारले तेव्हा पुतण्यानं खांदा दिला.

आमच्या सासूबाई, आत्याबाई, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या एका बाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी तिथं दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकवली आणि साध्या बाईला कळेल असं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. प्रार्थना वेगळी आणि काम वेगळं ही वाटणी आत्याबाईंना मान्यच नव्हती. भाकऱ्या थापताना त्या रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायच्या आणि मजुरांच्या भाकऱ्या घरच्यांच्या आधी थापायच्या. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली सद्गुणी स्त्री रात्र असतानाच उठते आणि घरच्यांबरोबर दासींनाही त्यांचा वाटा देते, हे मी त्यांच्या चुलीपाशी पाहिलं.

आता मंडळीतल्या भावाबहिणींशी थेट बोलते. आपल्याकडे कापणीचा सण मोठ्या हौसेनं होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कांद्याच्या माळा मांडल्या जातात, उपासनेनंतर लिलाव होतो, लिंबाच्या एका परडीलाही चढाओढीनं बोली लागते. मला हा सण फार आवडतो. पण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्या दिवशी कुणी वाचत नाही. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचतं, असं तिथं लिहिलं आहे. आमोस संदेष्ट्यानं तर अशा लोकांना झापलं आहे जे शब्बाथ कधी संपतो आणि लहान माप घेऊन धान्य विकायला कधी बसतो याची वाट बघत बसलेले असतात.

तेव्हा एक विनंती आहे. या वर्षी सणाला परडी घेऊन निघण्याआधी हजेरीची वही उघडा. ज्यांनी ती कणसं कापली, तो कांदा काढला, त्यांच्यापैकी कुणाचं येणं बाकी असेल तर आधी त्यांच्या वस्तीवर जा आणि पैसे देऊन या. देवळात थोडा उशीर झाला तरी चालेल. पाळकसाहेबांनीही सणाच्या आदल्या रविवारी ही गोष्ट मंडळीपुढे नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत मांडावी.